ऊन पडलं की मोठी होणारी फ्लेम

"ऊन पडलं की फ्लेम मोठी होते आणि पाऊस आला की बारीक होते." अशी कंप्लेंट होती, अगदी ह्याच शब्दात. ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलीला ते काय लिहायचं कळलं नाही, तिने सिस्टीममध्ये नुसतं 'लो फ्लेम' टाकलं आणि कॉल माझ्याकडे आला. मी रत्नागिरीत पाइप गॅसच्या मेंटेनन्सला आहे, कॉन्ट्रॅक्टरकडे. दिवस हरतालिकेचा. दुसऱ्या दिवशी गणपती म्हणजे घराघरात चाकरमानी आलेले, शेगडी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू आणि आमचे फोनपण तसेच.

घर नाचणे साइडला, आत वाडीत. मागे जुनं कौलारू आणि पुढे नवीन स्लॅबच्या दोन खोल्या. गेलो तर आजी पहिल्यांदा मलाच झापायला लागल्या, "काल येऊन गेला तो तुमचाच ना? बघितलं नि म्हणाला सगळं बरोबर आहे, आणि आज पहाटे दूध मंद ठेवलं तर शेगडी विझली. वास आला म्हणून कळलं मला." हे ऐकल्यावर मी बॅग तिथेच खाली ठेवली, कारण फ्लेम मोठी-लहान होणं ही एक गोष्ट आणि सिमवर असताना विझणं ही वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना फ्लेम विझली तर गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते, नॉब उघडा तर गॅस चालूच. वासासाठी गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, त्याचा उपयोग असा होतो. आजींनी काय केलं तर नॉब बंद केला, ओट्याखालचा पिवळा व्हॉल्व आडवा केला, खिडक्या-दारं उघडली आणि लाइटच्या बटणाला हात लावला नाही. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, "कनेक्शन दिलंत तेव्हा तुमच्याच माणसाने सांगितलं होतं." कनेक्शन देताना आपण जे पाच मिनिटं बडबडतो ते खरंच कोणीतरी ऐकतं हे मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. मुंबईहून आलेला मुलगा म्हणे मीटर खराब आहे, बदला. सूनबाई म्हणे शेगडीचं जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोक, बिघडलंय, त्यांनी शेगडीवाल्याला बोलवून बर्नर साफपण करून घेतला होता. शेजारचे काका कुंपणावरून सांगत होते की गणपतीत सगळ्यांचा वापर वाढलाय म्हणून मागून गॅसच कमी येतो. मी काकांनाच विचारलं तुमची फ्लेम कशी आहे, तर म्हणाले एकदम झकास. मग संपला विषय, कारण दोन्ही घरं एकाच लाइनवर आहेत आणि मागून कमी येत असता तर काकांचीही फ्लेम पडली असती.

मीटरबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे तो इथे सांगून टाकतो. मीटर फक्त मोजतो, प्रेशर कमी करायचं काम त्याचं नाही. रस्त्याखालच्या प्लास्टिकच्या लाइनीत गॅस ४ बारपर्यंत प्रेशरने येतो, वाडीजवळचा सर्व्हिस रेग्युलेटर त्याचे १०० मिलिबार करतो आणि घरच्या मीटरला लागून जो मुठीएवढा रेग्युलेटर बसवलेला असतो तो १०० चे २१ मिलिबार करतो. शेगडी त्या २१ वर चालायला बनवलेली असते. सिलिंडरवर हेच ३० असतं आणि गॅसही वेगळा, त्यामुळे जेटपण वेगळं.

मीटर होता घराच्या बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर, डोक्यावर ना पत्रा ना पागोळी. आणि गणपतीसाठी घराला नुकताच रंग दिलेला. कोकणात हे ठरलेलंच आहे, वर्षभर भिंतीला शेवाळ असलं तरी चालेल पण बाप्पा यायच्या आधी रंग हवाच. रंगाऱ्याने भिंतीबरोबर आमचा पिवळा पाइप, रेग्युलेटर, मीटरचं डबडं सगळंच क्रीम कलरने रंगवून टाकलेलं, मीटरचे आकडे तेवढे फडक्याने पुसून ठेवलेले. काम मात्र सफाईदार होतं, कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस चिकटलेला नाही.

मीटरनंतरच्या टेस्ट पॉइंटला प्रेशर मोजायचा मॅनोमीटर लावला, आत सूनबाईंना एक बर्नर मोठा करायला सांगितला. वेळ साधारण दहाची, आभाळ भरलेलं. रीडिंग १९. थोडं कमी, पण एवढ्यावर कोणी कंप्लेंट करत नाही. काल आलेल्या आमच्या माणसालाही असंच काहीतरी दिसलं असणार, त्याने 'ओके' लिहिलं त्यात त्याचा काही दोष नाही. मी ठरवलं की इथून ऊन पडेपर्यंत हलायचं नाही. आजी बोलल्यात ऊन तर ऊन बघूनच जायचं, रोज त्या शेगडीसमोर त्या उभ्या असतात, मी नाही.

आणि ऊन पडलं. पावसाळ्यातलं ते मधेच ढग फाटून पडणारं ऊन किती चटका देतं ते आपल्याला माहीत आहेच, भिंतीवर सरळ आलं आणि माझ्या डोळ्यासमोर आकडा हलायला लागला. १९ चे २२ झाले, मग २५, २९. आतून सूनबाई ओरडल्या, "वाढली बघा, वाढली!" ३३ ला फ्लेम बर्नर सोडून उचलल्यासारखी फरफरायला लागली, मी बर्नर बंद करायला लावला. हेल्पर पोरगा माझ्याकडे बघतोय की हे काय चाललंय, रेग्युलेटरच्या स्क्रूला कोणी हात लावलेला नाही आणि प्रेशर आपलं आपण चढतंय. थोड्या वेळाने सर आली, रेग्युलेटर भिजला, परत बर्नर लावला तर आकडा खाली. २०, मग १६. इतक्या वर्षात अडकलेले रेग्युलेटर बघितले, सीटमध्ये कचरा आलेले बघितले, पाणी शिरलेले बघितले, पण हवामानाबरोबर वर-खाली होणारा मी पहिल्यांदाच बघत होतो आणि खरं सांगतो अंगावर काटा आला.

मग रेग्युलेटरच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. तिथे एक बारीक भोक असतं, पाऊस आत जाऊ नये म्हणून जमिनीकडे तोंड करून बसवलेलं. बोटाला भोक लागेचना. सगळं गुळगुळीत. मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघितलं तर भोकात लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली आणि वरून ऑइल पेंटचे हात.

ते भोक कशाला असतं ते सांगतो, कारण हे समजलं की वरचं सगळं समजतं. रेग्युलेटर उघडला तर आत फार काही नसतं. मधोमध रबराचा पडदा, आम्ही डायफ्रॅम म्हणतो. पडद्याच्या एका अंगाला गॅस, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग आणि साधी हवा. स्प्रिंग पडद्याला दाबते तसा व्हॉल्व उघडतो आणि गॅस येतो, गॅसचं प्रेशर वाढलं की तो पडद्याला उलटं ढकलतो आणि व्हॉल्व मिटतो, दोघांचा जोर जिथे बरोबरीला येतो ते आपले २१ मिलिबार. बर्नर लावला, बंद केला की पडदा हलतो, आणि पडदा हलायचा तर स्प्रिंगच्या बाजूची हवा आत-बाहेर व्हायलाच पाहिजे. ती त्या भोकातून होते. रेग्युलेटरचं नाक म्हणा हवं तर. दुसरं कामही आहे त्याला, पडदा कधी फाटलाच तर गॅस त्या भोकातून बाहेर मोकळ्यावर जातो आणि वासाने कळतं. सिलिंडरच्या रेग्युलेटरलाही असंच बारीक भोक असतं, बघा कधी.

आता ते बुजवलं की स्प्रिंगच्या बाजूची हवा कोंडली. कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं आहे, पण किती वाढतो ते बघा. समुद्राकाठी हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार. आपल्या तापमानाला हवा एका डिग्रीने तापली तर त्याचा तीनशेवा भाग, म्हणजे ३ मिलिबारहून थोडं जास्त. ३ मिलिबार म्हणजे कायच नाही असं वाटेल, पण इथे सगळा कारभारच २१ चा आहे! ५ डिग्री तापली तर सोळा-सतरा मिलिबार, ते स्प्रिंगच्या जोरात मिळवायचे, म्हणजे २१ चे सदतीस-अडतीस. आणि उन्हातला धातू ५ डिग्रीवर थोडाच थांबतो. प्रत्यक्षात पूर्ण एवढं चढत नाही, लांबी कुठेतरी बारीक पाझरत असते, पण त्रास द्यायला तेवढं भरपूर झालं. पहाटे ह्याच्या उलट. दिवसा कोंडलेली हवा रात्री गार झाली, आकसली, पडदा आपल्याकडे ओढून धरला, व्हॉल्व पुरता उघडेना, सिमवर ठेवलेली फ्लेम विझली. आजींचं एकूण एक वाक्य खरं होतं.

मुलगा म्हणाला, "अहो दादा, टाचणीने उकरून काढा ना." नाही. भोकाच्या पलीकडे रबराचा पडदा आहे, टाचणी किंवा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि त्याला खरचटलं तर आज नाही पण चार महिन्यांनी फाटेल, आणि लांबीचा भुगा आत पडेल तो वेगळाच. मीटरचा व्हॉल्व बंद केला, रेग्युलेटर सोडवला, गाडीत होता तो नवीन बसवला, जोडाला साबणाचं पाणी लावून लीक बघितलं, लाइनीतली हवा काढली. रीडिंग २१. बर्नर बंद केला, थोडं वर जाऊन थांबलं, जसं थांबायला पाहिजे तसं. मग परत उन्हासाठी थांबलो, आलं, २१ चं २१. आजींनी मोदकपात्र काढून ठेवलं आणि मला चहा पाजला.

पण मला आता वेगळीच काळजी लागली होती. हा रंगारी गणपतीच्या आधी एकच घर थोडंच करतो. नंबर घेतला, फोन लावला. तो बिचारा म्हणतो, "साहेब, भोक होतं खरं. मला वाटलं स्क्रू पडलाय तिथला, पाणी जाईल आत म्हणून लांबी भरली. सगळीकडेच भरली." सगळीकडेच! मी त्याला जरासुद्धा ओरडलो नाही, चांगल्या हेतूने केलेलं काम होतं आणि त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तो स्वतः बाइक घेऊन आला, कुठली कुठली घरं केली ती दाखवायला. सणाचे कपडे आणायला बाजारात निघाला होता, ते सोडून संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर फिरला.

प्रत्येक ठिकाणी तशीच नीट भरलेली लांबी. गंमत वाटेल पण बऱ्याच घरात काहीच तक्रार नव्हती, मीटर पडवीत किंवा आंब्याच्या सावलीत, तापणं-गार होणं कमी म्हणून फ्लेम फारशी हलत नव्हती. ती लोकं म्हणायची गणपती झाल्यावर बदला, आत्ता कशाला. त्यांना समजवायला लागलं की आज सावली आहे, पण पडदा फाटला तर गॅस बाहेर जायचा रस्ताच बंद आहे. गाडीतला स्टॉक संपला, स्टोअरमधून मागवला, दुसरी टीम घेऊन आली. एका घरी रेग्युलेटर पोचायला उशीर होणार होता म्हणून लाइन बंद केली तर घरातले जुना सिलिंडर बाहेर काढायला लागले. तो मी हात जोडून थांबवला. आपल्या पाइप गॅसच्या शेगडीचं जेट मोठं असतं, त्याला सिलिंडरचा गॅस जोडला तर फ्लेम भडकते, काजळी धरते, आणि तो गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला तर खालीच साठून राहतो. शेवटी काकूंनी परसातली चूल पेटवली नि त्याच्यावर भात ठेवला, रात्री जेवणाआधी त्यांची लाइन चालू करून दिली.

रंगाऱ्याने निघताना विचारलं, "मग रंगवायचंच नाही का तिथे?" त्याला सांगितलं, पाइपला पावडर कोटिंग असतं, त्याला हात लावू नकोस, पिवळा दिसतोय तो गॅसचा आहे हे कळावं म्हणूनच. मीटर नि रेग्युलेटरवर पेपर सैल टाक, टेप भिंतीला लाव, भोकावर नको, आणि संध्याकाळी आठवणीने काढ. त्याने तेव्हापासून एवढं मनावर घेतलंय की काम घेतानाच मीटर कुठे आहे विचारतो आणि काही वेगळं दिसलं की मला फोटो पाठवतो. परवा पाठवला तो झाडगावातल्या एका घराचा, रंग नाही, लांबी नाही, भोकावर कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. त्या लोकांना फोन करून सांगितलंय काडीने काढू नका म्हणून, उद्या सकाळी पहिला कॉल तोच.