तुम्ही विचारलंत म्हणून: आक्षेपार्ह वाक्य मी कापते का?

कॉलेजच्या मुलांबरोबर एकांकिका बसवणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. पालक विचारतात, सांस्कृतिक विभागाचे सर विचारतात, परीक्षक म्हणून कुठे गेले की निकालानंतर कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं: "संहितेत काही आक्षेपार्ह असलं तर तुम्ही काढायला लावता का हो?" कुणाला 'हो' ऐकायचंय आणि कुणाला 'नाही', ते सुरावरूनच कळतं.

मी स्वतःहून वाक्य कापत नाही. पण तालमीत त्या वाक्यावर भांडण होऊ देते आणि ते मिटेपर्यंत पुढचा प्रवेश उभा करत नाही. हे उत्तर दोन्ही पक्षांना आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका ग्रुपची एकांकिका होस्टेलच्या खोलीत घडत होती. चार मुलं, त्यातला एक राखीव जागेवर आलेला, आणि दुसरा एकजण त्याला जातीवरून बोलतो. टोमणा वगैरे नाही, सरळ शिवी. लेखक म्हणाला, "होस्टेलला असंच बोलतात ताई. गुळगुळीत केलं तर खोटं वाटेल." त्याचं खरंच होतं. वाचनाला सगळ्यांनी माना डोलावल्या. लाइट्स करणारा मुलगा तेवढा गप्प होता. त्याला हे रोजचं ऐकून माहीत होतं, इतरांना लिहिलेलं वाचून. काही रन-थ्रू झाल्यावर तो बोलला: शिवी राहू दे, तिच्यानंतरचा पंच, म्हणजे हशा घेणारं वाक्य, काढा. होत असं होतं, की शिवी पडायची, समोरचा मुलगा वळून बघायचा आणि तेवढ्यात तिसरा कुणीतरी मेसवरून विनोद करायचा. "लोक हसणार आणि हसता हसता शिवी गिळून टाकणार," तो म्हणाला. "मग मी लाइट कशावर उतरवू?"

त्या दिवशी तालीम झालीच नाही, वादच झाला. लेखकाचा जीव त्या पंचात अडकलेला. सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांतला तो एकमेव हमखास हशा, आणि स्पर्धेत पहिला हशा लवकर आला नाही की पोरं घाबरतात. दिग्दर्शिका म्हणत होती, लय जाईल. शेवटी ज्याच्या तोंडी शिवी होती तो मुलगा म्हणाला, "खरं सांगू का, ते बोलून झाल्यावर मला तिथे उभं राहवत नाही. पंच आला की सुटल्यासारखं वाटतं." यावर कुणी काही बोललं नाही. पंच गेला. शिवी राहिली, आणि तिच्यामागून एक लांबच लांब पॉझ आला. प्रयोगात त्या पॉझमध्ये प्रेक्षागृहात लोक खुर्चीत हलत होते. एकांकिका आधीपेक्षा जास्त बोचरी झाली होती, आणि ती बोचरी झाली ती एका आक्षेपामुळे.

आता बाहेरच्या आक्षेपांकडे येऊ. आपल्याकडे प्रयोग जाहीरपणे करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, तपासायला द्यावी लागते. त्याची मुळं १९५१च्या पोलीस कायद्यात आहेत. मोठ्या स्पर्धांच्या नियमावलीतही मंडळाचं प्रमाणपत्र मागतात. ते वेळेत मिळवणं हे बहुतेक ग्रुपमध्ये सगळ्यात ज्युनियर पोराच्या गळ्यात मारलेलं काम असतं. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पोलीस कायद्याच्याही आधी इंग्रजांचा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा होता. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं, लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तो कायदा केंद्राने रद्द केला २०१८ साली. रद्द व्हायचा राहिला होता हेच कित्येकांच्या गावी नव्हतं.

मंडळाबद्दल मला राग कमी आणि अचंबा जास्त वाटतो. तिथे जातो तो कागद. मुलांच्या नाटकात सगळ्यात झोंबणारी गोष्ट कागदावर क्वचित असते. ती एखाद्या मानेच्या झटक्यात असते, नको तिथे घेतलेल्या पॉझमध्ये असते, दोन रात्री आधी कुणाला तरी सुचलेल्या भलत्या नेपथ्यात असते. कागद वाचणाऱ्याला शब्द दिसतात, म्हणून तो शब्द कापतो. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ची गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. १९७० साली श्रीराम लागूंनी ते केलं, तेव्हा सेन्सॉरला साडीवरचा रक्ताचा लाल डाग चालेना. डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगाआधी सांगितलं जाई की निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. मुलं हसतात. मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे सगळ्यांचं लक्ष त्या डागावरच गेलं असणार ना?" अर्थात!

पण मुलांशी जास्त वेळ बोलावं असं उदाहरण 'घाशीराम कोतवाल'चं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये ते पुण्यात आलं ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे, आणि १९ प्रयोगांनंतर थांबलं ते संस्थेतल्या संस्थेत झालेल्या मतभेदामुळे. बाहेर विरोध होताच. पण निर्णय घेतला तो आतल्यांनी. ज्यांना तो पटला नाही ते बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुढे जगभर नेलं. नाटक थांबवणारे सगळे भित्रे आणि चालू ठेवणारे सगळे शूर, अशी वाटणी मी मुलांना करू देत नाही. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं एका नाटकापायी वेगळी झाली, कारण दोन्ही बाजूंना ते नाटक महत्त्वाचं वाटत होतं. कॉलेजच्या ग्रुपमध्येही फूट पडते, रडारड होते, व्हॉट्सअ‍ॅपवरून माणसं बाहेर पडतात. पडू देत.

घडू नयेत त्या गोष्टी वेगळ्या आहेत. २ फेब्रुवारी २०२४ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग चालू होता. रामलीलेत कामं करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं आयुष्य, असा विषय. सीतेचं काम करणारं पात्र विंगेत सिगारेट ओढतं, नट एकमेकांना शिव्या देतात. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या (अभाविप) कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला, झटापट झाली, आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. जामीन नंतर मिळाला. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत ३१ मार्चला झालेल्या 'राहोवन' या रामायणावर बेतलेल्या नाटकावरून तक्रारी झाल्या आणि संस्थेने विद्यार्थ्यांना दंड ठोठावला. काहींना तो १ लाख २० हजार रुपयांपर्यंत होता.

ही दोन्ही नाटकं चांगली होती की वाईट, यात मला पडायचं नाही. मी आयुष्यात पाहिलेली निम्मी विद्यार्थी-नाटकं वाईटच होती, माझी धरून. वाईट नाटक करायला मुलांना जागा लागते, नाहीतर विभाग कशाला काढायचा? ज्याला विंगेत उभं राहायची सवय आहे त्याला मुकुट घालून बिडी ओढणारा नट नवा नाही. ज्याला नाही, त्याला तो धक्का बसू शकतो, हेही मी मान्य करते. त्याने प्रयोगानंतर थांबावं, मुलांना गाठावं, तावातावाने बोलावं. मुलांना प्रेक्षक एरवी "छान झालं" एवढंच सांगून निघून जातात. पण मंचावर चढून प्रयोग थांबवल्यावर वाद घालायला समोर उरतं कोण? मुलं पोलीस ठाण्यात आणि त्यांचे पालक वकिलाच्या शोधात.

या प्रकारांनंतर काय बदललं, तर मुलं लिहायच्या आधी विचारायला लागली. पूर्वी संहिता घेऊन यायची आणि मी म्हणायचे, अरे हे काय लिहिलंय! आता नुसती कल्पना घेऊन येतात आणि पहिलं वाक्य असतं, "ताई, हे चालेल का?" कोणाला चालेल, ते त्यांनाही सांगता येत नाही. देव नको, इतिहास नको, निवडणूक नको, असं करत करत शेवटी मोबाइलमुळे नाती कशी तुटली यावर येऊन थांबतात. अशा एकांकिका परीक्षक म्हणून ओळीने बघितल्या की मला सेन्सॉरचा कागद परवडला असं वाटायला लागतं. त्यात निदान काय कापलं ते दिसतं.

इथपर्यंत ऐकून स्वातंत्र्यवाले खूश होतात. त्यांच्यासाठी पुढचं.

स्पर्धेतल्या एकांकिकांमध्ये बलात्काराचा प्रवेश हा जणू ठरलेला ऐवज आहे. लाल लाइट, स्ट्रोब, एक किंकाळी, मग काळोख, मग एकच स्पॉट. यावर बाहेरचं कुणीही मोर्चा आणत नाही. उलट सामाजिक आशय म्हणून बक्षीस मिळतं. ते काम करणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते. दिग्दर्शक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि त्याचं मार्गदर्शन काय तर "मनापासून कर, ओरिजिनल वाटलं पाहिजे". तिला धरणारी मुलं गडबडलेली, म्हणून जास्तच जोर लावणारी. अशा तालमीत मुलगी गप्प असली तर तिला चालतंय असं धरलं जातं. मी तिथे तालीम थांबवते. प्रवेश काढा म्हणत नाही. मारामारी बसवतात तसा बसवा म्हणते: कुणाचा हात कुठे, कितव्या मात्रेला, कोण कधी सोडणार, आणि तिने एक शब्द उच्चारला की सगळं थांबणार. सिनेमात आता यासाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नावाचा वेगळा माणूस असतो. कॉलेजच्या ग्रुपला तो कुठून परवडणार, पण पद्धत फुकट आहे. आणि असं मोजून-मापून बसवायला घेतलं की अर्ध्या वेळा मुलांच्याच लक्षात येतं, की हा प्रवेश दाखवायची गरज नव्हती. त्यांना पुढच्या प्रवेशासाठी फक्त एक कारण हवं होतं.

तसंच साडी नेसलेल्या मुलाचं. मुलगा लचकत आला की हशा. गावाकडची बोली बोलणारा नोकर आला की हशा. सावळ्या मुलीचं लग्न जमत नाही, हशा. वर्षानुवर्षं चालत आलेले हे हमखास पंच. ग्रुपमधल्या एखाद्याने तोंड वाकडं केलं तर त्याला सांगतात, "अरे, विनोद आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस." ही तीच मुलं असतात, जी मंडळाने एक शब्द कापला तर अभिव्यक्तीच्या नावाने पोस्टर रंगवतात. मला त्यांचं पोस्टरही पटतं. पण मग शेजारी बसलेल्या मित्राचं ऐकायला काय होतं? तो पोलिसात जाणार नाहीये. उद्या सेट लावायला तोच येणार आहे.

तर माझी पद्धत अशी. वाक्य ज्याला बोलायचंय आणि ज्याच्याबद्दल बोललं जातंय, असे दोघंही ग्रुपमध्ये असतील तर आधी त्यांचं ऐकायचं, लेखकाचं त्यानंतर. ज्याच्याबद्दल बोललं जातंय असा कुणीच ग्रुपमध्ये नसेल तर ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तेव्हा मी मुलांना बाहेर पाठवते, चार लोकांना भेटून या म्हणते. प्रयोगाआधी सूचना द्यावी का, असं हल्ली मुलं विचारतात. द्या की. काहीजणांना वाटतं त्याने धक्का कमी होतो. 'गिधाडे'च्या सूचनेने तो कमी झाला असेल असं मला वाटत नाही.

प्राचार्यांना माझं सांगणं एवढंच असतं की रंगीत तालमीला येऊन दचकण्यापेक्षा वाचनाला या. येत कुणीच नाही. उलट काही कॉलेजांत मुलांकडून हमीपत्र घेतात की कोणाच्याही भावना दुखावल्या जाणार नाहीत. दुसऱ्याच्या भावनांची हमी विसाव्या वर्षी कोण कशी देणार? मी मुलांना मजकूर बदलून द्यायला सांगते: संहितेत काय आहे हे आम्हा सर्वांना माहीत आहे, त्यावर आमची चर्चा झाली आहे, आणि प्रेक्षकांना आधी सांगितलं जाईल. काही ठिकाणी ते चालतं. एका ठिकाणी प्रयोगच रद्द झाला.

आणि हो, कुणी एखादं वाक्य बोलायला साफ नकार दिला तर काय, हेही विचारतात. तर ते वाक्य त्याने बोलायचं नाही. त्याला काढून दुसरा आणायचा, हे मी होऊ देत नाही. एकदा असं वाक्य दुसऱ्या पात्राला दिलं होतं. प्रवेश थोडा लंगडाच झाला, बक्षीसही आलं नाही. लेखक अजून भेटला की त्या वाक्याची आठवण काढतो आणि नकार देणारी मुलगी त्याच्या पुढच्या एकांकिकेत काम करतेय. दोघांचं त्या वाक्यावर अजूनही एकमत नाही.