गाठीचं वजन

मुंबईच्या ससून डॉकवर शूटिंग करायचं म्हणजे पहाटेच्या लिलावाआधी धक्का रिकामा करून द्यायचा, ही पहिली अट. आम्हाला मिळाली फक्त रात्र. तेवढ्यात मासळीची गोदी पुसून तिथे कापसाची गोदी उभी करायची होती.

तशी ती मुळात कापसाचीच. अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून १८७५ साली ही गोदी बांधून घेतली. त्याआधी जहाजं लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, ने-आण व्हायचा. इथे जहाज थेट धक्क्याला लागू लागलं. चारच वर्षांनी सरकारने गोदी विकत घेतली. आमची गोष्ट त्याच काळातली.

आर्ट डिपार्टमेंटमध्ये मी सहायक. प्लास्टिकचे क्रेट, निळ्या ताडपत्र्या, विजेच्या वायरी, जे हलवता आलं ते हलवलं, उरलेलं गोणपाटाने झाकलं. दगडी कठड्याला मात्र हात लावू दिला नाही. पेंटर त्याच्यावर जुनेपणाचा हात मारायला निघाला होता, त्याला मीच थांबवलं. दीडशे वर्षांच्या खाऱ्या पाण्याने जे केलंय ते ब्रशने काय होणार?

कापसाच्या गाठी आम्ही प्लायच्या खोक्यांवर गोणपाट ताणून केल्या होत्या. कडांना कापूस फुटलेला, वर स्टेन्सिलचे आकडे, लोखंडी पट्ट्यांच्या जागी रंगवलेलं रेक्झिन. मॉनिटरवर देखण्या दिसत होत्या. पण ज्युनियर आर्टिस्ट त्या उचलून चालायला लागले आणि सगळं खोटं पडलं. ताठ मानेने, झपझप, उशी न्यावी तसे.

हमालीची माहिती द्यायला कॉटन ग्रीनच्या गोदामातून निवृत्त झालेले एक माथाडी काका आले होते. ते दोन टेक गप्प बसून होते. मग उठून माझ्याकडे आले. "ताई, गाठ कोणी उचलतं का? एकशेसत्तर किलोची असते. तिला आकडा मारायचा, आडवी पाडायची आणि लोळवत न्यायची."

त्यांनी स्वतःचा आकडा आणला होता. लाकडी मुठीचा, टोक घासून बोथट झालेलं. गाठीच्या वरच्या कोपऱ्यात तो अडकवून त्यांनी अंग मागे टाकलं. हात नुसता धरायला, ओढ सगळी कमरेची. पोरांनी करून पाहिलं, पण हलक्या खोक्याला ओढ लागेना. तेव्हा बांधकामाच्या वाळूच्या गोण्या मागवल्या आणि प्रत्येक खोक्याची फळी उघडून आत भरल्या. तासभर गेला. प्रॉडक्शनवाले घड्याळ दाखवत होते, आणि माझ्या मते त्या रात्री तोच तास सर्वांत सत्कारणी लागला.

पुढच्या टेकला कोणाला काही सांगावं लागलं नाही. गुडघे आपोआप वाकले, दोघांनी एकमेकांना "हळू, हळू" म्हटलं. तो आवाज दिग्दर्शकाने तसाच ठेवला.

त्यांना आणखी एक टेक हवा होता. पण बोटी लागायला लागल्या होत्या. बर्फाच्या गाडीमागून आलेल्या एका मावशीने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोरी, म्हावरं तुमच्यासाठी थांबायचं नाही." पॅकअप झालं.

वाळू काढायला वेळ नव्हता. टेम्पोपर्यंत आमची सेटिंगची पोरं गाठी लोळवतच घेऊन गेली, आणि काका पुढून ओरडत होते, "कंबर वापरा, कंबर!"