सोफ्यामागची जागा

आमच्या बैठकीच्या खोलीतला सोफा वळणदार आहे आणि भिंती सरळ आहेत. एवढी साधी भूमिती माझ्या डोक्यात शिरली ती सोफा घरात येऊन, माणसं सही घेऊन निघून गेल्यावर. भिंतीला लावावा तर त्याची पाठ मधोमध टेकते आणि दोन्ही टोकं रुसल्यासारखी पुढे येतात. शेवटी कोपऱ्यात सरकवला. तिथे तो दोन्ही भिंतींना एकेक खांदा टेकवून बसला आणि मागे तिकोनी खळगा उरला. नवऱ्याने टेप काढली, कोपऱ्यापासून सोफ्याच्या पाठीपर्यंत मापलं आणि म्हणाला, "अडीच फूट. अडीच फूट घर आपण सोफ्याच्या पाठीला दिलं."

चित्रात असं काहीच दिसत नव्हतं. चित्रात तो खोलीच्या ऐन मध्यावर उभा होता, चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालता येईल असा. त्या चित्रांतल्या घरांना बहुधा एकच भिंत असते आणि तीही सोफ्यापासून बारा फूट लांब. तिथे चार्जरच्या वायरी नसतात, दप्तर नसतं, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं तर नसतंच.

वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षी घरात काय 'चालणार' हे सांगणारे लेख येऊ लागतात. मी ते राशिभविष्यासारखे वाचते, म्हणजे विश्वास नसतो पण आपल्या राशीपाशी नजर थबकतेच. रंगांचं भविष्य सांगायचा मान पँटोन या कंपनीकडे आहे. 2000 सालापासून ती 'वर्षाचा रंग' जाहीर करते. 2025 साठी तिने 'मोका मूस' नावाचा मऊ तपकिरी सांगितला. लगोलग करड्या भिंती जुन्या झाल्या आणि घरं मातीच्या, खोडाच्या रंगांत न्हाऊन निघाली. 'न्हाऊन निघणं' शब्दशः घ्या, कारण भिंती, दारं, चौकटी, छत सगळं एकाच रंगात बुडवायचं हीही एक टूम होतीच. आणि 2026 साठी? 'क्लाउड डान्सर', म्हणजे पांढरा. त्यांच्या यादीत पांढरा पहिल्यांदाच आला. आमच्या भिंती निव्वळ आळसामुळे पांढऱ्या राहिल्या होत्या. त्या बसल्या जागी फॅशनमध्ये आल्या.

बाकीची भाकितं मी भराभर चाळते. मोकळ्या, सलग घरांची हौस ओसरते आहे आणि खोल्यांना पुन्हा दारं येताहेत. एकाच घरात दोघांच्या दोन मीटिंगा आणि तिसऱ्याची शाळा ज्यांनी 2020 साली काढली, त्यांना दाराची महती वेगळी सांगायला नको. उघडी शेल्फं गेली तर मी रडणार नाही. ज्याने ती काढली त्याने फडकं कधी हातात धरलं नसावं. उभ्या पन्हळींच्या लाकडी पॅनेलांबद्दलही माझं मत हेच. लांबून देखणी दिसतात, पण जवळ गेलं की प्रत्येक खाचेत धुळीची एक सरळ रेघ. टेबलांच्या कडा गोल झाल्या त्याचं मात्र मनापासून स्वागत. माझ्या डाव्या मांडीवर जुन्या टेबलाच्या कोपऱ्याने कायमची जागा राखून ठेवली होती.

आता या गोलाईविषयी. मला वाटलं होतं की आपण काहीतरी नवं घरात आणतोय. पण खरखरीत, लोकरीच्या वेटोळ्यांसारखं कापड घातलेली गुबगुबीत बैठक फार जुनी आहे. एरो सारिनेन या वास्तुकाराने 1948 साली 'वूम्ब' खुर्ची केली. फ्लोरेन्स नोल यांनी त्याच्याकडे उशांनी भरलेल्या टोपलीसारखी खुर्ची मागितली होती, जिच्यात पाय पोटाशी घेऊन, अंग मुडपून बसता येईल. मारिओ बेलिनी यांचा 'कॅमालेओंडा' सोफा 1970 चा. सरडा आणि लाट या दोन इटालियन शब्दांची मोट बांधून त्यांनी ते नाव केलं. त्याचे तुकडे आकडे नि कड्यांनी एकमेकांत अडकवायचे, उद्या मन बदललं तर सोडवून वेगळे मांडायचे. तो मधे बाजारातून गेला आणि 2020 मध्ये परत आला. आला तोही नेमका सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा. तेव्हा माणसांना काटकोनांपेक्षा कुशी हवी होती, असा माझा तर्क आहे.

त्या कापडाला बुक्ले म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कुरळं. जवळून बघितलं तर विणलेल्या दोऱ्यांतून बारीक बारीक फासे वर आलेले दिसतात, आणि फासा म्हटला की तो अडकणारच. आमच्या लेकीच्या घड्याळाच्या पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात एक धागा बोटभर ओढून काढला. अशा वेळी कात्री लावायची नाही, हे मी ठेचेनंतर शिकले. कापला की शेजारचेही सुटत जातात. सुईच्या टोकाने तो हळूहळू आत ढकलायचा. आता माझ्याकडे त्या सोफ्यासाठी एक वेगळी सुई आहे, पडद्याला टोचून ठेवलेली.

धाग्याचं सुईवर भागलं, पण सोफ्याच्या पायाचं भागलं नाही. दीड वर्षात एका टोकाचा पाय डुगडुगू लागला. ज्यांनी विकला त्यांना फोन केला. उत्तर अत्यंत गोड आवाजात आलं की पाय दुरुस्त होत नाही, तो पूर्ण भाग बदलावा लागेल आणि तो भाग आता बनत नाही. मग बाबांना बोलावलं.

बाबांनी सोफा आडवा पाडला. खाली काळं पातळ कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं होतं. ते त्यांनी टरकावलं नाही. पकडीने एकेक पिन उचकटून वाटीत टाकत गेले. कापड दुमडून बाजूला केलं आणि आत बॅटरी मारली. दर्शनी बाजूला जे भारदस्त वळण होतं, ते आतून फोमचं. फोमखाली पातळ प्लाय, आणि पाय जिथे बसवला होता तिथे पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात कालवून दाबलेला तक्ता. त्यात स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो. एकदा हलला की भोक मोठं होतं, आणि पुन्हा पिळायला जावं तर चुराच बाहेर येतो. तो बाबांनी चिमटीत घेऊन मला दाखवला, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा.

"वळवायचंच होतं तर लाकूड वळवायचं," ते म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. मायकेल थोनेट या सुताराने व्हिएन्नामध्ये 1859 साली आपली 14 नंबरची खुर्ची बाजारात आणली. आजही कॅफेची खुर्ची म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते. बीचच्या गोल काठ्या वाफेवर मऊ करायच्या आणि साच्यावर वाकवायच्या, अशी ती पद्धत. पण लाकडाचा स्वभाव असा की ते दबून घेतं, ताणलं मात्र जात नाही, त्यामुळे वळणाची बाहेरची बाजू तडकते. थोनेटने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून बांधली. मग ताण पट्टीवर आणि लाकडाच्या वाट्याला फक्त दबणं. अशी सहा लाकडं, दहा स्क्रू आणि दोन नट, झाली खुर्ची. सुट्ट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत आणि जहाजाने कुठेही जात. 1930 पर्यंत अशा सुमारे 5 कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. आपण 'सुटे भाग जोडून घ्या' ही कालपरवाची युक्ती समजतो. शिवाय त्या खुर्चीचा एक पाय गेला तर तेवढाच बदलता येई.

म्हणून येत्या वर्षांच्या भाकितांत मला एकच गंभीरपणे घ्यावंसं वाटतं आणि ते ना रंगाचं आहे ना आकाराचं. उघडता येणारं फर्निचर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने 2018 या एका वर्षात तिथे 1 कोटी 21 लाख टन फर्निचर आणि घरसामान कचऱ्यात निघालं, त्यातलं सुमारे 80 टक्के जमिनीत गाडलं गेलं. युरोपीय संघाने 2024 मध्ये वस्तूंच्या टिकाऊपणाविषयीचा नवा कायदा लागू केला, आणि पुढच्या वर्षी ठरलेल्या प्राधान्याच्या यादीत फर्निचर आणि गाद्याही आहेत. वस्तू किती टिकते, दुरुस्त होते का, कशाची बनली आहे, हे तिच्यासोबतच्या डिजिटल पासपोर्टवर कळावं अशी ती कल्पना. माझ्या सोफ्याला असा पासपोर्ट असता तर 'चुरा' या एका शब्दावर मी दुकानातूनच परत फिरले असते. की नसते? त्याच्या त्या रुंद, गुबगुबीत पाठीला भुलले होते, खोटं कशाला बोलू.

बाबांनी चुऱ्याच्या मागे लाकडाचा ठोकळा बसवला, त्यातून आरपार बोल्ट घेतला, वॉशर घालून नट आवळला. पिना पुन्हा वापरण्याजोग्या नव्हत्या, म्हणून कापड बारीक खिळ्यांनी ठोकलं. अख्खी दुपार गेली. सोफा उभा केला, बाबा त्यावर मुद्दाम धपकन बसून बघते झाले, आणि मग तो कोपऱ्यात ढकलायला आम्ही तिघं सरसावलो.

तेवढ्यात लेक आडवी आली. सोफा हलवल्यामुळे तिचा मामला उघड्यावर पडला होता. त्या तिकोनी खळग्यात एक उशी, दोन पुस्तकं, गेल्या महिन्यापासून आम्ही शोधत असलेली बॅटरी आणि पेन्सिलींचा डबा. खिडकीचा उजेड तिथे दुपारभर येतो हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आबा, पार मागे नको," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या हातातून टेप घेऊन तिने स्वतःच मापलं. "तीन फूट ठेवा."