तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिब्युनलच्या फोनची तयारी कशी करायची?

इंग्लंडात राहणारे मराठी आईबाप मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. "ट्रिब्युनलचं पत्र आलंय, न्यायाधीश फोनवर सुनावणी घेणार आहेत. काय तयारी करू? वकील लावू का?" शिकण्यात विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत कोणती मदत मिळायलाच हवी, हे ईएचसीपी नावाच्या आराखड्यात कायद्याने बांधलेलं असतं. तो आराखडा स्थानिक कौन्सिल करते, आणि तिचं म्हणणं पटलं नाही तर ट्रिब्युनल नावाच्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे अपील करता येतं. माझ्या मुलाच्या ईएचसीपीसाठी मी कौन्सिलविरुद्ध अपील केलं होतं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

या फोनवर अपिलाचा निकाल लागत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तो अंतिम सुनावणीत लागतो. फोनवर न्यायाधीशांना हवं असतं ते एवढंच: वाद नक्की कशावर उरलाय, कोणते कागद यायचेत, साक्षीला कोण येणार, ठरल्या तारखेला सुनावणी होईल का. कित्येक अपिलांत असा फोन होतही नाही, आदेश कागदावरच निघतात. फोन ठेवलाय म्हणजे बहुधा कुठेतरी काहीतरी अडलंय. काय अडलंय ते शोधा, तयारी तिथून सुरू होते.

आमचं अडलं होतं शाळेच्या दारात. आम्ही नेमलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) मुलाला वर्गात बघायचं होतं आणि शाळा तारीखच देत नव्हती. ट्रिब्युनलच्या २००८ च्या नियमांनुसार न्यायाधीश शाळेला तसा आदेश देऊ शकतात, पण तो मागावा लागतो. म्हणून मी कागदावर एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेच्या आत शाळेत येऊ द्यावं. न्यायाधीशांनी "आणखी काही?" विचारताच ते वाचून दाखवलं. मुलाच्या जन्मापासूनची हकिगत सांगावीशी वाटते, मलाही वाटत होती, आणि त्यात गैर काहीच नाही. पण फोनचा वेळ मागण्यांसाठी राखून ठेवा.

खरी मेहनत घ्यायची ती वर्किंग डॉक्युमेंटवर. ही ईएचसीपीचीच प्रत असते. आपण सुचवलेले बदल ठळक अक्षरांत, कौन्सिलचे तिरक्या अक्षरांत आणि दोघांना मान्य झालेले अधोरेखित. सेक्शन बी म्हणजे मुलाच्या गरजा, एफ म्हणजे त्यासाठीची मदत, आय म्हणजे शाळा. फोनच्या आधी ओळ न् ओळ वाचा आणि कुठे कुठे एकमत झालेलं नाही ते वेगळ्या पानावर उतरवून काढा. आमच्या एफमध्ये लिहिलं होतं, "गरजेनुसार स्पीच थेरपीचा लाभ मिळेल." यातून मुलाच्या पदरात काय पडणार? आम्ही ते खोडून थेरपिस्ट दर आठवड्याला किती मिनिटं, एकट्याबरोबर की गटात, आणि वर्गातल्या मदतनिसाला कोण शिकवणार, हे लिहिलं. २०१५ च्या कोड ऑफ प्रॅक्टिसमध्येच, म्हणजे विशेष गरजांबद्दलच्या सरकारी मार्गदर्शिकेतच, म्हटलंय की मदत तपशीलवार, नेमकी आणि साधारणपणे आकड्यांत मांडलेली असावी. गोड बोलून कोणी "शाळा बघून घेईल" म्हटलं, तरी यावर अडून राहा.

शाळेवरून वाद असेल तर हवी असलेली शाळा जागा द्यायला तयार आहे का, खर्च किती, हे शाळेकडून लेखी घेऊन ठेवा. न्यायाधीश विचारतातच.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. "घरी मराठी बोलता म्हणून तो मागे पडतोय," हे मला बैठकीत ऐकवलं गेलं होतं आणि तो राग अजून गेलेला नाही. शाळेतली भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे, केवळ एवढ्यावरून मुलाला अडचण आहे असं मानता येत नाही, हे २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टच्या, म्हणजे ईएचसीपी ज्यावर उभी आहे त्या कायद्याच्या, कलम २० मध्येच लिहिलंय. तेव्हा खरी गरज भाषेच्या नावाखाली झाकली जात असेल, तर कोणत्या अहवालात काय म्हटलंय ते पानासकट दाखवा. आणि आजीशी मराठीत बोलणं अजिबात थांबवू नका.

वकील? अपिलाला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. आयपीएसईए ही संस्था फुकट कायदेशीर सल्ला देते आणि प्रत्येक भागात आईबापांसाठी सरकारी पैशावर चालणारी सल्लासेवा असते. पैसे असतील तर ते आधी स्वतंत्र तज्ज्ञाच्या अहवालावर घाला, असं माझं मत आहे. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर आधी कळवून दुभाषा मागता येतो.

फोनवर कौन्सिलच्या माणसाशी वाद घालू नका, जे सांगायचं ते न्यायाधीशांना सांगा. एखादी तारीख दिली गेली की लगेच शाळेच्या सुट्ट्या तपासा, सुट्टीत शाळेतली तपासणी होणार नाही. नंतर लेखी आदेश येतो. तो त्याच दिवशी वाचा, आणि कौन्सिलने एखादी तारीख चुकवली तर आठवडे वाट बघत बसू नका: त्यांचं म्हणणं विचारा, आदेशात बदल मागण्याचा (रिक्वेस्ट फॉर चेंज) अर्ज भरा आणि ट्रिब्युनलला पाठवून द्या.