आंतिग्वातली भाकरी

सासूबाई लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी आल्या, तेव्हा त्यांना गुजरातीचा गंधही नव्हता. खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता त्या ती शिकल्या. ग्वाटेमालात, आंतिग्वाला स्पॅनिश शिकायला गेले तेव्हा त्यांची रोज आठवण यायची.

सकाळी चार तास वर्ग, एका विद्यार्थ्याला एक शिक्षिका. तिथे ही पद्धत सर्रास आहे. व्याकरण मला जड गेलं नाही. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखं! तरी वर्गाबाहेर तोंड काही उघडेना.

ते उघडलं दुपारच्या कामामुळे. शाळेनेच जवळच्या एका गावात मुलांचा अभ्यास घ्यायला पाठवलं. समोर फुएगो ज्वालामुखी धूर सोडत असायचा; मुलं तिकडे बघायचीही नाहीत. गावातल्या आज्या आपापसात काकचिकेल बोलायच्या. ती तिथल्या माया लोकांची भाषा. म्हणजे स्पॅनिश त्यांनाही शिकावीच लागलेली.

मागच्या पडवीत मुलांसाठी स्वयंपाक चाले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून त्याचा गोळा करायचा आणि दोन्ही तळहातांवर थापत तोर्तिया करायची. तव्याला 'कोमाल' म्हणतात. भाकरीचा हात आहे म्हणून मी पुढे झाले, तर पहिलीच कडेने चिरली. एका आजीने माझे हात हातात घेतले. "आसी नो. आसी." असं नाही, असं. शब्द आणि अर्थ दोन्ही इतके जवळचे, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हाताला मी 'एल मानो' म्हटलं, तेव्हा वहीतून मान वर न करता एक चिमुरडी म्हणाली, "ला मानो." शेवटी 'ओ' असूनही हा शब्द स्त्रीलिंगी. वर्गात तीनदा चुकले होते, त्यानंतर एकदाही नाही.

तीन आठवडे फार कमी पडले, हे मात्र सांगायलाच हवं. मुलं जीव लावतात आणि आपण निघून येतो. पुढच्या खेपेला निदान तीन महिने काढून जाणार आहे.

परतल्यावर परातीत भाकरी थापताना सासूबाईंनी विचारलं, "थापण्याला काय म्हणतात गं तिकडे?"

"तोर्तेआर."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

"आणि मिठाला?"

"साल."

"बरं. आणि पाण्याला?"