आगळाची बाटली

किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यातून महाराष्ट्रात, आरोंद्यात शिरलो, तर नाक्यावर हवालदाराने काठी आडवी धरली. "डिकी उघडा." भर दुपार, शर्ट पाठीला चिकटलेला बिचाऱ्याचा. डिकीत दोन नारळ, जत्रेतलं खाजं आणि पेडण्याच्या आत्याने पेपरात गुंडाळून दिलेली बाटली. बाटली बिअरचीच, गोव्यात रिकाम्या बाटलीला पुनर्जन्म असतो. आत काळपट लाल काहीतरी. "कोकमाचा आगळ आसा तां," मी म्हटलं. त्याने बूच काढून हुंगलं, एक थेंब जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "जावा."

पुलावर फोनने मात्र हूं की चूं केलं नव्हतं. फोनवाल्यांच्या लेखी महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल. हद्द उरली आहे ती दारूपुरती.

आजीच्या वेळी ती माणसांना होती. पलीकडे पेडणं तिचं माहेर, अलीकडे आरोंदा सासर, मध्ये तेरेखोलची खाडी. 15 ऑगस्ट 1955 ला हद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि आपल्या सरकारने वाट बंद केली. पुढच्या वर्षी आजीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा कायदा दोन्ही सरकारांपेक्षा जुना. रात्री चोरून होड्या चालत, नाही असं नाही. घड्याळं येत, सोनं येई. पण नववा महिना लागलेली बाई होडीत घालणार कोण? बाबा आरोंद्यातच जन्मले. "म्हायराक जावक चिठी कित्याक व्हयी?" हे आजी मरेपर्यंत विचारायची. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कोण, तिला ठाऊक नव्हतं. राग सगळा सासूवर.

माझा राग सावंतवाडीच्या राजांवर. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून 1788 मध्ये त्यांनी पेडणं पोर्तुगिजांना देऊन टाकलं. तोवर ही खाडी नुसती खाडी होती. 1961 ला पोर्तुगीज गेले, खाडी हद्दच राहिली. 1967 च्या कौलात आजीच्या भावाने महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला. जिंकली दोन पानं, म्हणजे गोवा वेगळाच. तेव्हा कुणी कुणाला फसवलं नव्हतं, लोकांनीच ठरवलं. मग रागवायचं कुणावर?

घरी येऊन डिकी उघडली. हवालदाराने बूच नीट लावलं नव्हतं. खाजं सगळं आगळात भिजलेलं. एक तुकडा तोंडात टाकला. तसं वाईट लागत नाही.