तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात समुद्राचं पाणी कुठून आणता?

घरी नवीन कुणी आलं की चपला काढता काढताच त्याला आतल्या खोलीतल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचा निळा उजेड दिसतो. तो तसाच आत जातो, काचेपाशी उभा राहतो आणि मिनिटाभरात विचारतो, "अहो, हे समुद्राचं पाणी आणता कुठून?" समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे विचारणाऱ्याच्या आवाजात कुतूहल थोडं आणि जाब जास्त असतो. शाळेपासूनचा एक मित्र तर सरळच म्हणाला, "काय करलालास बे? इथं प्यायला पाणी नाही अन् तू खारं पाणी साठवून बसलास!"

समुद्राचं पाणी मी आणत नाही. एकदाच आणलं होतं. रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे, त्याचं मत्स्यालय बघायला सगळे गेलो होतो. बाकीचे देवमाशाच्या सांगाड्यापाशी फोटो काढत होते आणि मी एका खाऱ्या टाकीसमोर अडकलो. परतताना भाट्याच्या किनाऱ्यावर वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरले. घरी येऊन मोजलं तर खारेपणा कमी भरला, कारण भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते आणि मी नेमका तिच्या तोंडाशी कॅन बुडवला होता. आठवड्यात त्या पाण्याला असा वास सुटला की आईने कॅन गच्चीवर हलवायला लावले. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये, त्यात आपल्या उन्हात, ते मरतात आणि कुजतात. तिथे तो विषय संपला.

मग पाणी घरीच करायचं ठरवलं. आता यात मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही, कारण माझी तीस वर्षं टॉवेलच्या डाइंगमध्ये गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा तर बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, मीठ घालावंच लागतं, नाहीतर रंग सुताला न धरता पाण्यातच राहतो. काळ्या किंवा गडद निळ्या शेडला लिटरमागे 80 ग्रॅमपर्यंत मीठ जातं. समुद्रात असतं लिटरला साधारण 35 ग्रॅम. म्हणजे तुमच्या घरातला काळा टॉवेल समुद्राच्या दुपटीहून खारट पाण्यातून आलेला असतो. आणि पाण्याची घनता मोजायची काचेची फुंकणी, जिला आम्ही ट्वॅडल म्हणतो, ती तर रोजची हातातली. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत घनता 1.025 ठेवा असं लिहिलेलं असतं, ते आमच्या भाषेत पाच ट्वॅडल. हा आकडा कळला त्या दिवशी मला समुद्र एकदम ओळखीचा वाटला.

पण रंगाचं मीठ इथे चालत नाही, आणि स्वयंपाकघरातलंही नाही. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. समुद्रात ते मुख्य असले तरी लिटरमागे 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम, 400 च्या आसपास कॅल्शियम, तेवढंच पोटॅशियम, शिवाय सल्फेट असतं. गंमत म्हणजे जगात कुठल्याही महासागरातलं पाणी घ्या, खारेपणा थोडा कमी-जास्त निघेल, पण या घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच. 'चॅलेंजर' नावाच्या जहाजाने 1872 ते 1876 जगभर फिरून पाण्याचे नमुने आणले, त्यातले 77 नमुने दित्मार नावाच्या रसायनतज्ज्ञाने तपासले आणि 1884 मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. म्हणूनच तर समुद्राचं मीठ पिशवीत भरून विकता येतं. मी ती पिशवी विकत घेतो. माझ्या टाकीला पहिल्या भरणीला वीस किलोच्या आतबाहेर लागली.

आता त्या जाबाचं उत्तर, म्हणजे पाण्याचा हिशोब. टाकी पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. दगड-वाळूची जागा सोडून आणि खालची जोडटाकी, म्हणजे सम्प, धरून साडेपाचशे लिटर पाणी बसतं. घरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बाराशे, म्हणून त्याला हात लावला नाही. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून कार्बन आणि आरओमधून काढलं, वर रेझिनचं भांडं लावलं, तेव्हा मीटरवर शून्य दिसलं. आरओ एक लिटर देताना तीन लिटर फेकतं. ते फेकलेलं पाणी फरशी, संडास आणि धुण्याला वापरलं. टाकी भरायला तीन आठवडे लागले, घाई केलीच नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी पन्नास लिटर बदलतो. रोज जे उडून जातं तेवढं वरून घालतो. उन्हाळ्यात आमचा कूलर दिवसाला चाळीस लिटर पाणी पितो, त्याचा जाब मला आजवर कुणी विचारलेला नाही.

वरून घालायचं पाणी गोडं असतं, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. इतकी साधी गोष्ट, पण पंढरपूरला लग्नाला चार दिवस गेलो तेव्हा भाच्याने चुकून मिठाच्या ड्रममधलं पाणी रोज ओतलं. येऊन बघतो तर जवळजवळ साडेपाच ट्वॅडल. त्याला काय बोलणार, दोन्ही ड्रम निळेच होते. आता एकावर आईने खडूने 'मीठ' लिहिलंय.

जागेची गोष्ट मात्र सावकाश सांगतो, कारण टाकी करायची म्हणणारे सगळे काच आणि मासे यांचीच चौकशी करतात, वजनाची कुणी करत नाही. पाणी साडेचारशे किलोच्या वर, बारा मिलिमीटरची काच शंभर किलो, दगड, वाळू, ओटा. सगळं मिळून आठशे किलो, आणि ते जेमतेम दहा चौरस फुटांवर. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशोबाने धरलेला असतो. वरच्या मजल्यावर, खोलीच्या मधोमध अशी टाकी ठेवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला बोलवा. माझ्याकडे तळमजल्याची एक खोली होती, माझ्या वडिलांचा हातमाग जिथे चालायचा ती. खड्डामाग होता. विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. माग विकला तेव्हा तो खड्डा राडारोडा टाकून बुजवला आणि वर फरशी बसवली होती.

गवंडी म्हणाला, "भरावावर ओटा बांधू नका, खचंल." मग भराव उकरायचाच, तर खड्डा रिकामाच ठेवू म्हटलं. दोन्ही कडांच्या पलीकडे, घट्ट जमिनीवर, विटांच्या भिंती उचलल्या, वर जाड शहाबादी टाकली, लेव्हलच्या नळीने पाणसळ बघितली, थर्माकोल अंथरला आणि त्यावर टाकी. लोखंडी स्टँड मुद्दाम टाळला. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून मीठ चढत जातं आणि दोन वर्षांत लोखंड खातं. सम्प गेली वडिलांच्या खड्ड्यात. उकरताना भरावात मागाचा एक मोडका धोटा सापडला. आईने तो धुऊन देवळीत ठेवलाय.

सम्प म्हणजे खालची दुसरी टाकी. वरचं पाणी कडेवरून सांडून खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. तिथेच स्किमर बसतो. बारीक बुडबुड्यांचा फेस करून तो पाण्यातली घाण वर काढतो. गुऱ्हाळात रस उकळताना वरची मळी झाऱ्याने काढतात ना, तेच काम, फक्त थंड पाण्यात आणि चोवीस तास. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही.

या सम्पने मला पहिल्याच महिन्यात धडा दिला. रात्री लाईट गेली आणि पंप थांबला. वर पाणी ढकलणाऱ्या नळीचं तोंड पाण्याखाली दोन इंच होतं. पंप थांबताच तीच नळी उलटी चालू झाली आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहिली. माझ्या टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं की नऊ लिटर होतात, दोन इंचांचे झाले पंचेचाळीस. सम्पमध्ये जागा ठेवली होती तीस लिटरची. तीस वर्षं बाथचे लिटर मोजलेल्या माणसाने हा गुणाकार केला नव्हता! खड्डा होता म्हणून घरभर तळं झालं नाही, पण खड्ड्यातला वीजेचा बोर्ड पाण्यापासून चार बोटांवर राहिला. दुसऱ्या दिवशी बोर्ड भिंतीवर उंच नेला आणि नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. पाच पैशांचं काम.

मग चाळीस दिवस टाकीत पाणी, दगड आणि वाळू, बस्स. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांवर वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्यात गल्लीतले अर्धे लोक "दगडं बघायला बोलावलं का?" म्हणून हसून गेले.

खरी लढाई पाण्याची नव्हतीच, उन्हाची होती. एप्रिल-मेमध्ये बाहेर 43 अंश, खोलीत 37, आणि माशांना हवेत 26-27. मुंबईतल्या अनुभवी लोकांनी एकमुखाने सांगितलं, पंख्याने काही होत नाही, चिलर घ्या. मी आधी पंखेच लावले, पाण्यावर तिरके वाहणारे दोन छोटे, आणि पाणी 28 ला येऊन थांबलं. मुंबईकर खोटं बोलत नव्हते. त्यांची हवा आधीच ओली, तिच्यात पाणी फारसं उडत नाही. आपली हवा कोरडी ठणठणीत, माठ थंड करते तशी टाकी थंड करते. दिवसाला नऊ-दहा लिटर पाणी घेते, पण थंडावा देऊन जाते. ज्या कोरडेपणाला आपण जन्मभर शिव्या घातल्या तो असा कामाला आला.

मग आला वळीव. मेअखेरची संध्याकाळ, ढग, धूळ, दहा मिनिटांचा पाऊस, झाडाची फांदी पडून लाईट गेलेली. उकाडा उतरला नव्हता, हवा ओली मात्र झाली होती. लाईट आल्यावर पंखे फिरत होते, पण पाणी उडत नव्हतं. मी माठाचा हिशोब केला होता, दमट हवेचा विसरलो होतो. पारा साडेएकतीसवर गेला. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमीच मुरतो, पाणी तापलं की आणखी कमी. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. घट्ट झाकणाच्या बाटल्यांत बर्फ करून त्या सम्पमध्ये सोडायच्या, वितळल्या की बदलायच्या, असं बारा वाजेपर्यंत चाललं. आई कूलरपुढची खुर्ची सोडून खड्ड्याच्या कडेला येऊन बसली होती. त्या रात्री एक मासा गेला.

जूनमध्ये चिलर घेतला. तो पाण्यातली उष्णता काढतो खरी, पण त्याच खोलीत ओकतो, म्हणून भिंतीला भोक पाडून तो बोळात बसवलाय. पंखे काढले नाहीत. कोरड्या दिवसांत पंखे, वळवात चिलर. लाईट गेली तर फक्त पाणी वर ढकलणारा पंप आणि पाण्यात लाटा करणारा पंखा इन्व्हर्टरवर राहतात. पाणी हलत राहिलं तर मासे तग धरतात.

मासे मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून आले, थर्माकोलच्या खोक्यात, मांडीवर. घरी सलाईनच्या नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी त्यांच्या पिशवीत सोडलं, दीड तास. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी समुद्रातून पकडलेली नाही, हॅचरीत वाढवलेली आहे. आपल्याकडे त्यांची पैदास आता नीट होते. हे मासे सगळे आधी नर असतात. घोळक्यात जो सर्वांत मोठा होतो तो मादी बनतो, आणि ती मेली तर खालचा नर तिची जागा घेतो. आई त्या मोठीला 'मालकीण' म्हणते.

प्रवाळ का नाही, हाही प्रश्न येतो. आपल्या समुद्रातली प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणंही गुन्हा. कुणी "गुपचूप मिळवून देतो" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माझे दगड चिनीमातीचे, बाजारातून आणलेले. वर्षभरात त्यांच्यावर जांभळट थर चढलाय आणि आता ते खोटे आहेत हे मलाच आठवून ठेवावं लागतं.

टाकी करायची तर किती खर्च, ते असं लिहून सांगणार नाही. समोर येऊन विचारा, पावत्या दाखवतो. येताना पाण्याचा वार टाळून या. आज आमचा वार आहे. अकराला नळ येणार, दोन्ही निळे ड्रम धुऊन ठेवलेत, आणि खडूचं 'मीठ' धुतलं गेलंय, ते आधी पुन्हा लिहायला हवं.